पानात कुठला भोपळा? बटरनट, एकॉर्न, डेलिकाटा की काबोचा

ऑक्टोबर लागला की न्यू जर्सीत आमच्या भागातल्या शेतांवरच्या दुकानांत भोपळ्यांचे ढीग लागतात. पहिल्या वर्षी मी रूपावर भाळून एकॉर्न घरी आणला आणि सोलाणं घेऊन त्याची साल काढायला बसलो. एकॉर्नला उभे खोल कंगोरे असतात. सोलाणं एका कंगोऱ्यावरून घसरतं आणि पुढच्या खाचेत अडकतं. अर्ध्या तासाने भोपळा निम्मा हिरवा, निम्मा पिवळा आणि माझ्या अंगठ्याला पट्टी. तेव्हापासून भोपळा निवडताना मी आधी साल बघतो, चवीचं नंतर.

इथे या सगळ्यांना मिळून विंटर स्क्वॉश म्हणतात. ते हिवाळ्यात पिकत नाहीत. काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरातच होते, पण जाड सालीच्या जोरावर ते हिवाळ्यात टिकतात, म्हणून हे नाव. तेव्हा सालीवरून निवड करण्यात माझा काही विक्षिप्तपणा नाही.

थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातला चौथा गुरुवार) पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, "भाजलेला भोपळा तुम्ही आणा" असा निरोप आला असेल, किंवा वरणभाताबरोबर तोंडीलावणं म्हणून करून बघायचा असेल, तर प्रश्न या चौघांपैकी कुठला, हाच. स्पॅगेटी स्क्वॉश या शर्यतीत नाही, त्याच्या शेवया होतात, फोडी होत नाहीत.

बटरनट: वऱ्हाडाला पुरणारा

फिकट बदामी रंग, लांब मान, खाली गोल पोट. 1940च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या स्टो गावी चार्ल्स लेगेट यांनी तो तयार केला. जातीने मोस्काटा, आपला लाल भोपळाही बव्हंशी त्याच जातीचा, म्हणून चव ओळखीची वाटते. मात्र गर जास्त घट्ट आणि पाणी कमी. इंडियन स्टोअरमधला लाल भोपळा ओव्हनमध्ये घातला की पाणी सोडून मऊ पडतो. बटरनटच्या फोडी कडेने तांबूस होतात आणि आकार धरून राहतात. (पंपकिन पाय, म्हणजे इथला भोपळ्याचा गोड पाय (pie), त्यासाठी लिबीज कंपनीचा भोपळ्याच्या गराचा जो डबा मिळतो, त्यातला डिकिन्सन भोपळाही मोस्काटाच. म्हणजे इथली माणसं ज्याला पंपकिनची चव समजतात ती बटरनटच्या घराण्यातली.)

याची मान म्हणजे मोठी सोय. तिच्यात बिया नाहीत, सगळा भरीव गर, एकसारख्या चौकोनी फोडी सहज पडतात. साल गुळगुळीत असल्यामुळे सोलाणं सरसर चालतं. फक्त सोललेल्या बटरनटचा चीक काहींच्या हाताला बाधतो. माझ्या तळहातावर वाळलेल्या डिंकासारखा पापुद्रा धरतो आणि कातडी ताणल्यासारखी होते. मी आता हातमोजे घालतो.

पाऊण इंची फोडी, 425 फॅरनहाइट, साधारण 30 मिनिटं, मध्ये एकदा उलटायच्या. ट्रेमध्ये दाटी करू नका. फोडी एकमेकींना चिकटून बसल्या की वाफेवर शिजतात, भाजल्या जात नाहीत. दहाजणांसाठी करायचं तर दोन ट्रे लावा.

कॉर्नेल विद्यापीठाचे मायकेल माझोरेक यांनी शेफ डॅन बार्बर यांच्या सांगण्यावरून याचाच हनीनट नावाचा छोटा भाऊ काढला. तो तळहाताएवढा, जास्त गोड, साल पातळ. दोघांपुरता स्वयंपाक असेल आणि बाजारात दिसला तर तोच उचला.

एकॉर्न: वाटीच्या रूपासाठी

माझा याच्यावर जुना राग आहे, तरी प्रामाणिकपणे सांगतो. हा सोलायचा नसतोच. उभा दोन भागांत कापायचा, बिया खरवडायच्या, तेल लावून कापलेली बाजू खाली ठेवून 400वर 35 ते 45 मिनिटं. मग उलटा करून पोकळीत लोणी, दालचिनी आणि थोडी ब्राउन शुगर. प्रत्येकाच्या पानात एकेक कंगोरेदार वाटी, दिसायला सुरेख. पण गर फिका आणि जरासा रेषाळ, त्यामुळे चव येते ती लोण्यासाखरेची. चार पाहुणे असतील आणि टेबल सजवायची हौस असेल तर घ्या. घेताना जमिनीला टेकलेल्या जागी नारिंगी डाग असला तर चालेल, पण अर्धा भोपळा नारिंगी झाला असेल तर तो जून आहे, आत दोरे निघतील.

डेलिकाटा: आठवड्यातल्या संध्याकाळचा

मोठ्या काकडीसारखा लांबट, पिवळट, अंगावर हिरव्या रेघा. 1894मध्ये न्यू यॉर्कच्या पीटर हेंडरसन कंपनीने तो बाजारात आणला, मग तो बराच मागे पडला. कारण सालच: पातळ साल, म्हणून वाहतुकीला नाजूक आणि टिकायला कमी. आपल्या दृष्टीने तोच त्याचा गुण. हा सालीसकट खायचा. लांबीत दोन भाग करा, चमच्याने बिया काढा, अर्ध्या इंचाचे अर्धचंद्र कापा. पाच मिनिटांचं काम. 425वर 20 ते 25 मिनिटांत कडा कुरकुरीत आणि आत मऊ, चव थोडी मक्याच्या कणसाकडे झुकणारी. ऑफिसातून साडेसहाला घरी आल्यावर भोपळा भाजायचा विचार करू शकतो तो याच्याच भरवशावर. एका डेलिकाटात दोघांचं भागतं. पंधराजणांसाठी सात-आठ कापत बसावे लागतील, तिथे बटरनट बरा.

एकॉर्न आणि डेलिकाटा पेपो जातीचे, झुकिनीचे चुलतभाऊ. क्वचित एखादा जहर कडू निघतो. कडू दुधी आपण टाकून देतो, तसाच हाही टाकायचा, मसाल्याखाली कडूपणा लपवायचा नाही.

काबोचा: चवीसाठी

गडद हिरवा, बसका, जपानी नावाचा. मॅक्झिमा जातीचा. गर इतका कोरडा आणि पिठूळ की भाजल्यावर उकडलेल्या रताळ्याची किंवा चेस्टनटची आठवण होते. चारांत चवीला माझ्या मते हाच पहिला. सालही भाजल्यावर मऊ होते, खाता येते.

अडचण आहे ती सुरीची. घरी विळीवर लाल भोपळा चिरणारी माझी आई इथे आली होती, तेव्हा तिनेही याच्यापुढे हात टेकले. "हा भोपळा आहे की नारळ?" म्हणाली. उपाय सोपा आहे: दोन-चार ठिकाणी सुरीचं टोक टोचून अख्खा काबोचा दोन-तीन मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये ठेवा, मग देठाच्या बाजूने कापा. पाऊण इंची काप, 425वर 25 ते 30 मिनिटं. तेलात हात आखडू नका, कोरडा भोपळा तेल मागतो. आणि एक, शेतावरून आणलेला ताजा काबोचा लगेच कापू नका. तीन-चार आठवडे ठेवला की आतल्या पिष्टाची साखर होत जाते आणि गोडी वाढते.

मसाला: काय आणि कधी

इथली ठरलेली जोडी म्हणजे दालचिनी, जायफळ, सुंठ, लवंग आणि वर मेपल सिरप. मॅकॉर्मिकने 1934मध्ये पंपकिन पाय स्पाइस ही तयार पूड बाजारात आणली, तिचा वास तो हाच. आपल्याला भोपळा आणि जायफळ-वेलची नवीन नाही, घारग्यांत आपण तेच करतो. पण घारगे पक्वान्न, आणि हे तोंडीलावणं. आईने माझा मेपलवाला बटरनट चाखला आणि विचारलं, "ही भाजी, की शिरा?"

तिचं म्हणणं थँक्सगिव्हिंगच्या टेबलालाही लागू आहे. तिथे क्रॅनबेरी सॉस गोड, मार्शमेलो घातलेली रताळी गोड, पुढे पंपकिन पाय तर आहेच. चौथा गोड पदार्थ कोण खाणार? म्हणून दालचिनी ठेवा, सिरप दोन चमच्यांवर आणा, आणि मिरपूड किंवा लाल तिखट आणि शेवटी लिंबू पिळा. पान लगेच उजळतं.

वेळेचं गणित मात्र पाळा. 425ला अर्धा तास तापलेली जायफळ-लवंगेची पूड सुगंध घालवून कडवट होते, सिरप जळून ट्रेला चिकटतं. सुरुवातीला फक्त तेल, मीठ आणि अख्खे जिरे. दालचिनी तेलात कालवून लावली तर चालते. सिरप शेवटच्या आठ-दहा मिनिटांत. जायफळ ओव्हनमधून काढल्यावर, गरम फोडींवर किसून.

काबोचाला मी गोडा मसाला लावतो. दालचिनी, लवंग त्यातही आहेच, वर दगडफूल, तीळ, खोबरं. पण तीळ-खोबरं करपतं, म्हणून तोही बाहेर काढल्यावर, चमचाभर गरम तुपात परतून वरून ओतायचा. डेलिकाटाला जिरे आणि तिखट पुरे, त्याच्या नाजूक चवीवर लवंग बसली की डेलिकाटा हरवतो.

टिकवणं आणि नेणं

बटरनट थंड, कोरड्या जागी (50 ते 55 फॅरनहाइट) तीन महिने आरामात राहतो. एकॉर्न महिना-दोन महिने, डेलिकाटाही साधारण तेवढाच. अख्खा भोपळा फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथे तो लवकर खराब होतो. देठ असलेला, वाळलेल्या देठाचा घ्या, देठ तुटला की तिथूनच सडतो.

आता पॉटलकची खरी अडचण. त्या गुरुवारी यजमानांच्या ओव्हनमध्ये सकाळपासून टर्की बसलेली असते, तुमच्या ट्रेला जागा मिळणार नाही. म्हणजे पदार्थ घरूनच भाजून न्यायचा आणि कोमट खायचा. काबोचा गार झाला की घशाला कोरडा लागतो, एकॉर्नच्या वाट्यांतलं लोणी गोठतं, डेलिकाटाचा कुरकुरीतपणा गाडीतच संपतो. बटरनट तेवढा कोमटही चांगला लागतो. मी तो आदल्या रात्री सोलून, चिरून डब्यात ठेवतो, सकाळी दोन ट्रे भाजतो, आणि लिंबू व जायफळ खिशात घालून नेतो. किसणी यजमानांकडे असतेच.