करारात काय नाही, ते वाचणाऱ्या वकीलबाई

पुण्यात कॉपीराइटचं काम पाहणारं कुणी शोधत असाल, तर नारायण पेठेतल्या या वकीलबाईंकडे जरूर जा. तिसरा मजला, लिफ्ट नाही, खाली गाडी लावायला जागा नाही. एक स्टार त्याचाच कापलाय.

माझ्या बालकथांचा करार २००८चा. ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ आणि खाली माझी सही. पहिली आवृत्ती संपली, दुसरी काही निघेना. गोष्टी दुसरीकडे देते म्हटलं की प्रकाशक त्या वाक्यावर बोट ठेवायचे. बाईंनी अख्खा करार वाचला आणि विचारलं, “मुदत कुठंय?” कुठंच नव्हती. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९(५) प्रमाणे मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षांचीच धरतात. म्हणजे गोष्टी २०१३ सालीच माझ्याकडे परत आलेल्या, आणि हे गृहस्थ अजून नकार देतायत!

‘कायमचे’ असं लिहिलं असतं तर? मी मुद्दाम विचारलं. मग ही वाट बंद, असं त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. तेव्हा अटी जाचक आहेत हे कलम १९एखाली वाणिज्य न्यायालयात पटवून द्यावं लागतं, आणि कराराला ५ वर्षं व्हायच्या आत तो रद्द होत नाही. माझ्या भाच्यानं अमेरिकेहून ‘३५ वर्षांनी हक्क परत मागता येतात’ असं काहीतरी पाठवलं होतं. तो तिथला कायदा, तिथल्या हक्कांपुरता, म्हणून बाईंनी तो कागद बाजूला सारला. उलट मला न सुचलेलं त्यांनीच काढलं: पुस्तकातली चित्रं माझी नाहीत. ती कुणाची, हे चित्रकाराच्या करारावर ठरणार; तोवर नव्या आवृत्तीत नुसत्या गोष्टी.

नोटीस मराठीत, एका पानाची, मला स्वतःला कळेल अशी. स्पीड पोस्टानं गेली. प्रकाशकांनी वाद घातला नाही, उरलेल्या प्रती विकू द्या एवढंच म्हणाले. ते मी मान्य केलं.

फी आधी सांगितली तेवढीच घेतली. व्हॉट्सॲपला उत्तर मिळत नाही, संध्याकाळी फोन करा. आणि कराराची मूळ प्रत न्या. मोबाइलवरचा फोटो बाई वाचत नाहीत.