टचची गाडी की नॉबची? माझा अनुभव

बजेट तेच, मॉडेल तेच, फक्त टॉप व्हेरियंटला एसी सगळा स्क्रीनमधे आणि खालच्याला साधे गोल नॉब, अशी निवड सध्या बऱ्याच जणांपुढे येतेय. मायलेज, एअरबॅग, डिकी हे तुम्ही बघितलंच असेल, ते सोडतो. आमच्याकडे दोन्ही आहेत, माझी नॉबवाली आणि मेव्हण्याची टचवाली, आणि त्याची गाडी पण बऱ्याचदा मीच चालवतो.

टचवाली दिसायला भारी, खोटं नाही बोलणार. नकाशा मोठा, कॅमेरा झकास, जळगावच्या सराफ बाजारात गाडी मागे घ्यायची म्हणजे काय ते माहितीये ना, तिथं तो कॅमेरा देवासारखा. पण मे महिन्यात पारा 45 ला टेकलेला, गाडी उन्हात तापलेली, फॅन फुल करायचा तर स्क्रीनवर अजून कंपनीचा लोगोच फिरतोय. ते एक वेळ चालवून घेऊ.

खरं डोकं फिरतं ते कन्नड घाटात. चाळीसगाव सोडलं, पाऊस सुरू, गाडीत माणसं भरलेली आणि काच आतून धुरकट व्हायला लागली. माझ्या गाडीत हात खाली नेला, नॉब फिरवला, हवा काचेवर, विषय संपला, नजर रस्त्यावरच. त्याच्या गाडीत आधी नकाशा घालवा, मग एसीचं पान उघडा, मग ते नखाएवढं काचेचं चित्र शोधा, आणि खड्ड्यात गाडी आदळली की बोट शेजारच्या सीट कूलिंगवर पडतं, पाठ गार आणि समोर वळण, मागून पोरं ओरडताय. बोलून सांगा म्हणे गाडीला! मेव्हण्याची अहिराणी ती कुठली ऐकते भो.

हे फक्त माझंच रडगाणं नाही. 2022 मधे स्वीडनच्या एका मासिकाने ताशी 110 च्या वेगात हीच असली कामं करून बघितली, काचेवर हवा सोडून धुरकटपणा घालवणारा डिफ्रॉस्टर पण होता त्यात. 2005 ची बटनांची जुनी व्होल्वो 10 सेकंदात मोकळी, सगळ्यात हळू टचवालीला 44.6 सेकंद, म्हणजे तोवर गाडी सव्वा किलोमीटरच्या पुढे गेली. युरो एनकॅपने, म्हणजे युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासून स्टार देणाऱ्या संस्थेने पण 2026 पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न असल्या गोष्टींना वेगळं बटन किंवा दांडी नसेल तर मार्क कापायचं ठरवलंय. एसी त्यात नाही, हे मला तरी पटलं नाही.

आता गावातल्या गावात फिरणं असेल, ऑफिस ते घर, तर टचवाली घ्या की, काही बिघडत नाही, सवय होते म्हणतात. घाट आणि पाऊस नशिबात असेल तर मी तरी खालचं व्हेरियंटच बघेन, वरचे पैसे चांगल्या टायरला जातील. टेस्ट ड्राइव्हच्या आधी गाडी उभीच असू द्या, नजर समोर ठेवा आणि न बघता हवा काचेवर वळवून दाखवा. सेल्समन तोवर सनरूफ उघडून दाखवत असेल, दाखवू द्या त्याला.