राज्यशास्त्राचा फ्रेंच श्रीगणेशा: पॅरिस की ओटावा?

राज्यशास्त्राची पहिली पायरी फ्रेंचमधून चढू पाहणाऱ्या, कर्नाटकातील खानापूर-निपाणीकडच्या मराठी विद्यार्थ्यांनी पॅरिसपेक्षा कॅनडातील ओटावाचा विचार आधी करावा, असे मला मनापासून वाटते. फ्रान्समध्ये १९५८ च्या घटनेतील राष्ट्राध्यक्ष व पंतप्रधान यांच्यातील सत्तावाटप मुळापासून शिकायला मिळते आणि ते मोलाचेच आहे. पण त्या घटनेच्या दुसऱ्या कलमानुसार प्रजासत्ताकाची भाषा एकच, फ्रेंच. ओटावा विद्यापीठ मात्र फ्रेंच व इंग्रजी अशा दोन्ही भाषांतून शिकवते, आणि कॅनडाच्या १९८२ च्या हक्कांच्या सनदेतील २३ वे कलम या दोन भाषांच्या अल्पसंख्याकांच्या मुलांना, पुरेशी पटसंख्या असेल तेथे, सरकारी खर्चाने आपल्या भाषेतून प्राथमिक व माध्यमिक शिक्षणाचा हक्क देते. भाषिक अल्पसंख्याकांच्या मातृभाषेतील शिक्षणाविषयीचे आपल्या राज्यघटनेचे ३५०-अ कलम प्राथमिक टप्प्यापुरतेच बोलते. गावच्या मराठी शाळेचा पट दरवर्षी काळजीने मोजणाऱ्या घरातील मुलाला हा फरक वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.