फीडिंग पिलो: रात्रीच्या जागरणात खरंच कामाला आली

आमचं बाळ दीड महिन्याचं, रात्री दर दोन-अडीच तासाला उठतंय म्हणजे उठतंयच, आणि सिझरमुळं मला वाकून पाजायला जमतच नव्हतं, पाठ पार गेली होती. मग नवी पेठेतल्या एका दुकानातून यू आकाराची फीडिंग पिलो आणली. पहिल्याच रात्री फरक! बाळ छातीच्या उंचीला येतं, टाक्यांवर वजन पडत नाही. रडणं काही उशीनं थांबत नाही हं, सहाव्या आठवड्याच्या आसपास बाळं सगळ्यात जास्त रडतात, तेव्हा पाजून झालं की खांद्यावर घेऊन ढेकर काढायचा आणि सासूबाईंकडं देऊन थोडं पडायचं, मी तरी तसंच करते.

एकच तक्रार, कव्हर पॉलिस्टरचं. सोलापूरचा उन्हाळा, लगेच घामोळं आलं की, आता वरून जुनं सुती लुगडं गुंडाळते. सुती कव्हर द्यायलाच पाहिजे होतं.

आणि हात जोडून सांगते, डोळे कितीही मिटत असले तरी बाळाला त्या उशीवर झोपवून ठेवू नका, नाक दबून श्वास अडकू शकतो, सपाट गादीवर पाठीवरच झोपवा.