रुगर अमेरिकन कॉम्पॅक्ट: लहान चणीच्या शिकाऱ्याला परवडणारी रायफल

माझी उंची पाच फुटांहून जेमतेम जास्त, आणि हातही त्याच मापाचे. त्यामुळे रायफल बघताना मी सगळ्यात आधी दस्त्याची लांबी बघते, बाकी सगळं नंतर. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं हे अंतर नेहमीच्या रायफलींत ३५ सेंटिमीटरच्या आसपास असतं. लहान चणीच्या माणसाला ते लांब पडतं. मान पुढे ताणावी लागते, स्कोपमध्ये, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीत, काळी कड दिसत राहते, आणि अंगावर जाड कोट असला की दस्ता खांद्यावर येताना काखेतच अडकतो. रुगर अमेरिकनच्या कॉम्पॅक्ट आवृत्तीत हे माप साधारण ३२ सेंटिमीटर आहे. ती मी .२४३ विंचेस्टर या काडतुसासाठी घेतली, मध्यम आकाराच्या हरणांसाठी, रीतसर परवान्यावर. घेण्याआधी त्याच विचाराने सॅव्हेज ॲक्सिस, होवा १५०० आणि टिक्का टी३एक्स या तिघीही नीट हाताळल्या. किमतीत ॲक्सिस सगळ्यात खाली, टिक्का सगळ्यात वर; रुगर आणि होवा मध्ये.

पहिला प्रश्न सगळे विचारतात तो अचूकतेचा. माझं स्पष्ट मत आहे की या वर्गात तो प्रश्न जवळपास सुटलेला आहे. टिक्का तीन गोळ्यांसाठी एक एमओएची (कोनात मोजलेल्या पसाऱ्याची) हमी देते, म्हणजे १०० मीटरवर तीन छिद्रं सुमारे तीन सेंटिमीटरच्या आत. समजा तुमची रायफल दीड एमओएचीच आहे. तरी २०० मीटरवर तो पसारा नऊ सेंटिमीटरच्या आत राहतो, आणि मध्यम हरणाच्या हृदय-फुप्फुसांची जागा वीसेक सेंटिमीटरची असते. नळी आपलं काम करते. उरतो तो नेम धरणारा.

हे स्वस्तात जमतं कसं, ते समजून घेतलं तर पैसे कुठे वाचवलेत तेही कळतं. रुगर, टिक्का आणि होवा यांच्या नळ्या कोल्ड हॅमर फोर्जिंगने बनतात: आतल्या साच्यावर नळी बाहेरून ठोकली जाते आणि गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा आपोआप उमटतात. यंत्र महागडं, पण नळ्या भराभर आणि एकसारख्या निघतात. सॅव्हेजने वेगळी वाट धरली. १९५८ च्या मॉडेल ११० पासून त्यांची नळी एका नटाने जखडलेली असते. गेज (काडतुसाच्या जागेचं माप तपासायचं साधन) लावायचा, नळी बरोबर जागी येईपर्यंत फिरवायची, नट आवळायचा. काडतूस नेमकं बसावं म्हणून जे काम पूर्वी कुशल कारागीर हाताने घासून करायचा, ते असं भागलं. ॲक्सिसमध्ये आजही तीच रीत आहे, आणि इतक्या कमी किमतीत ती रायफल इतका नेमका मारा करते त्याचं हे एक मोठं कारण. मला हा विचार फार आवडतो.

काटकसर दिसते ती दस्त्यात. साच्यातून काढलेलं प्लास्टिक पाण्याने फुगत नाही, ही मोठी सोय. पण पुढचा भाग पोकळ आणि लवचीक असतो. हे या वर्गात सर्रास आढळतं, म्हणून दुकानात तपासाच. रायफल रिकामी असल्याची खात्री करा, दुकानदाराला विचारा, आणि पुढचा भाग नळीकडे दाबून बघा. मग कागदाची पट्टी नळी आणि दस्त्याच्या मधून सरकवा. ती रिसीव्हरपर्यंत, म्हणजे नळी ज्या धातूच्या चौकटीत बसते तिथपर्यंत, मोकळी गेली पाहिजे. मी वापरलेल्या एका रायफलीत (तिचं नाव इथे नको) बायपॉडवर (पुढच्या दोन पायांच्या टेकूवर) जरा भार टाकला की दस्ता नळीला टेकायचा आणि ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, एका बाजूला सरकायचा. बॅगेवर ठेवून मारलं की सगळं ठीक. असा दोष सरावाच्या कागदी लक्ष्यावर कळतो, जंगलात कळत नाही. तिथे फक्त जनावर जखमी होऊन निघून जातं, आणि ते मला सहन होत नाही.

रुगरचा दस्ताही प्लास्टिकचाच, पण त्यात व्ही आकाराचे धातूचे दोन ठोकळे साच्यातच बसवलेले आहेत आणि रिसीव्हर त्यांवर बसतो. गोळी सुटल्यावर तो जागचा हलत नाही. स्वस्त रायफलीत पैसा नेमका जिथे लावायला हवा तिथे लावलाय.

बोल्टच्या, म्हणजे काडतूस आत ढकलायला हाताने मागेपुढे करायच्या दांड्याच्या, बाबतीत मात्र टिक्काला तोड नाही. उघडा बोल्ट इतक्या सहज सरकतो की हात आपोआप पुढच्या काडतुसाकडे जातो. रुगरचा बोल्ट नवा असताना खरखरतो. तेलाचा थेंब देऊन रिकाम्या रायफलीत तो पुष्कळदा मागेपुढे केला की मऊ होतो, पण टिक्काच्या जवळ जात नाही. दोघींचे बोल्ट ७० अंशांत उघडतात, होवा आणि ॲक्सिसचे ९० अंशांत. कमी कोनाचा फायदा असा की बोटं स्कोपच्या मागच्या भागाला थडकत नाहीत. पण बोल्ट उचलतानाच आतली स्प्रिंग ताणली जाते, आणि तेच काम कमी फिरवण्यात करायचं म्हणजे जोर जास्त लागतो. माझ्या मनगटाला तो जाणवतो. म्हणून बोल्ट टेबलावर चालवून बघू नका. रायफल खांद्याला लावून, गाल न उचलता चालवून बघा.

सेफ्टीचं फार कमी लोक विचारतात, म्हणून थोडं सविस्तर. होवाची सेफ्टी तीन टप्प्यांची: मधल्या टप्प्यात चाप बंद राहतो पण बोल्ट उघडतो, म्हणजे सेफ्टी लावूनच काडतूस बाहेर काढता येतं. माझ्या रुगरची सेफ्टी दोन टप्प्यांची, अंगठ्याखाली, आणि ती लावलेली असतानाही बोल्ट उघडतो. टिक्काची सेफ्टी बोल्टही जखडते. झुडपातून चालताना बोल्ट चुकून उघडत नाही हे चांगलं, पण नळीतलं काडतूस काढताना सेफ्टी उघडावी लागते. दिवस मावळताना, बोटं गारठलेली असताना, मला सेफ्टी लावूनच काडतूस काढता येण्याची सोय हवी. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला हवं, हे तर तिन्ही बाबतीत आलंच.

रुगरचा चाप ओढायला लागणारा जोर सुमारे १.४ ते २.३ किलोपर्यंत जुळवता येतो. मी तो खालच्या टोकाजवळ ठेवलाय, चाप छान सुटतो. जुनी साधी ॲक्सिस वापरलेली मिळत असेल तर तिचा चाप जड असतो आणि जुळवता येत नाही; ॲक्युट्रिगर (सॅव्हेजचा जुळवता येणारा चाप) असलेली ॲक्सिस II शोधा.

आता धक्का. कॉम्पॅक्टचं वजन स्कोपशिवाय पावणेतीन किलोच्या आसपास. दिवसभर खांद्यावर ते सुखाचं, पण काडतूस तेच ठेवून रायफलीचं वजन निम्मं केलं तर धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते, हे गणित सुटत नाही. म्हणूनच या वजनात मी .३०८ या मोठ्या काडतुसाची रायफल घेतली नाही. .२४३ ही १९५५ साली .३०८ च्याच काडतुसाची मान आवळून बनवलेली, धक्का खूप कमी. धक्क्याची धास्ती बसली की माणूस चाप ओढताना डोळे मिटतो, आणि मग कितीही मोठी गोळी उपयोगाची नाही. मोठ्या जनावरांसाठी .२४३ पुरेशी नाही, आणि काही ठिकाणी नियमही मोठं कॅलिबर मागतात. तिथे ७एमएम-०८ किंवा ६.५ क्रीडमूर ही काडतुसं बघा. कॉम्पॅक्टची नळी फक्त १८ इंचांची, त्यामुळे बार उडाल्याचा आवाज कर्कश आणि गोळीचा वेग थोडा कमी. कानांचं संरक्षण सरावात आणि शिकारीतही वापरा.

उंच आणि भक्कम माणसाने ही आवृत्ती घेऊ नये, त्याला होवा जास्त शोभेल. ती जड आहे, पण धक्का गिळते. सगळ्यात स्वस्त हवी तर ॲक्सिस II, आणि वाचलेले पैसे थेट स्कोप आणि सरावाच्या काडतुसांवर. सोबत येणाऱ्या कॉम्बो स्कोपवर माझा भरवसा नाही. संधिप्रकाशात ते लवकर अंधारतात. बारीक नळी चार-पाच बारांत तापते आणि ग्रुप सरकायला लागतो, तेव्हा सरावात तिला निवांत गार होऊ द्या.

आणि पहिल्या सरावाआधी दस्त्याचे आणि स्कोपच्या माउंटचे स्क्रू टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळायच्या पान्याने) पुस्तिकेतल्या मापाइतके आवळून घ्या. ग्रुप अचानक पसरला की नळीवर शंका घेण्याआधी मी तेच तपासते.