स्वतंत्र दुकानांचा रस्ता : आठ महिन्यांच्या फेऱ्यांनंतर

गेल्या आठ महिन्यांत मी शहरातल्या एकाच रस्त्यावर साधारण तीस वेळा गेले असेन. मालक स्वतः गल्ल्यावर बसतो अशी छोटी दुकाने, कॉफीची ठिकाणे, आठ-दहा टेबलांची उपाहारगृहे आणि भिंतींवर रंगवलेली मोठाली चित्रे असा तो रस्ता आहे. असा एखादा रस्ता आता बहुतेक मोठ्या शहरांत असतो आणि त्याचे कौतुकही भरपूर होते. पहिल्या भेटीनंतर लगेच लिहिले असते, तर मी नाराजीच नोंदवली असती.

पहिल्यांदा गेले ती शनिवारी संध्याकाळी, आणि तिथेच चूक झाली. टेबल मिळायला पाऊण तास लागला, दुकानदारांना मान वर करायला फुरसत नव्हती आणि रंगवलेल्या भिंतींपुढे फोटो काढणाऱ्यांची रांग पदपथ अडवून उभी होती. त्या गर्दीत घाईघाईने एक कापडी पिशवी घेतली. तिसऱ्या आठवड्यात तिची चेन उसवली. परत घेऊन गेले, तेव्हा सात दिवसांनंतर माल बदलून मिळत नाही, असे पावतीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेले मला दाखवण्यात आले. त्याहून खटकले ते असे की, हुबेहूब तीच पिशवी त्याच रस्त्यावरच्या आणखी दोन दुकानांत वेगवेगळ्या नावांची लेबले लावून टांगलेली दिसली. दुकान स्वतंत्र मालकीचे आहे याचा अर्थ माल तिथेच तयार होतो असा मुळीच नाही, हे मला त्या पिशवीने शिकवले. तेव्हापासून मी कुठेही पहिला प्रश्न विचारते तो ‘हे कोण बनवतं?’ हाच. जो स्वतः बनवतो, किंवा बनवणाऱ्याला ओळखतो, त्याचे उत्तर लवकर संपत नाही. बाकीचे विषय बदलतात.

फेऱ्यांची वेळ बदलली आणि रस्ताच बदलल्यासारखा झाला. मंगळवार ते गुरुवार, सकाळी अकराच्या सुमारास गेले की कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याला दळणयंत्र जुळवताना पाहता येते. एस्प्रेसोचा घोट साधारण 25 ते 30 सेकंदांत उतरायला हवा. पाणी भरभर खाली आले तर तो भुकटी आणखी बारीक करतो, रेंगाळले तर जराशी भरड. बिया भाजून किती दिवस झाले आणि हवेत दमटपणा किती आहे, यावर हे गणित रोज थोडे हलते, त्यामुळे पहिले दोन कप तो सरळ ओतून देतो. शनिवारी हाच माणूस मला ओळखही दाखवत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

या रस्त्यावर चालताना पाय का दुखत नाहीत, याचे एक साधे कारण आहे. यान गेल या डॅनिश वास्तुरचनाकाराने असे मांडले आहे की, शंभर मीटरमध्ये 15 ते 20 दारे असली की नेहमीच्या चालीने जाणाऱ्याला दर चार-पाच सेकंदांनी काहीतरी नवे दिसत राहते. मी एकदा एका बाजूची दारे मोजली, तर साधारण तेवढ्याच अंतरात सतरा भरली. रस्त्याच्या शेवटी एका कार्यालयाची लांबलचक कोरी काचेची भिंत लागते; तिथे आपोआप पाय उचलले जातात आणि मग लक्षात येते की आतापर्यंत आपण रेंगाळत होतो.

सगळ्यात जास्त वेळ मी कुंभारकामाच्या दुकानात घालवला आहे. तिथून घेतलेल्या कपाला जोड हवी म्हणून चार महिन्यांनी गेले, तर दुसरा कप बोटभर बुटका वाटला. मालकिणीने दोन्ही कप पालथे घातले आणि झिलई न लावलेल्या बुडाच्या कडा एकमेकींना टेकवून दाखवल्या. ओल्या मातीचा कप वाळून, मग 1200 अंशांहून जास्त तापमानात भाजून निघेपर्यंत दहा-बारा टक्के आकसतो. माती थोडी जास्त ओली असली की आकसणेही वाढते. त्यात दोन्ही कप हातानेच चाकावर घडवलेले. ‘अगदी सारखे हवे असतील तर साच्यातले घ्या, ते माझ्याकडे नाहीत,’ असे तिने शांतपणे सांगितले. मी बुटका कप घेतला. आता तोच जास्त वापरात आहे.

उपाहारगृहांविषयी थोडक्यात सांगायचे, तर पदार्थांची यादी एका पानात मावते तिथे मी निर्धास्तपणे जाते. चार पानी यादी असते तिथे सजावट चांगली असते.

उणिवा मात्र आहेत. सार्वजनिक स्वच्छतागृह नाही आणि काही विकत न घेता टेकायला एक बाकही नाही. जुन्या इमारतींच्या उंच पायऱ्या आणि पदपथावर मांडलेल्या पाट्या यांमुळे गुडघेदुखी असलेल्या माझ्या आईला अर्ध्या दुकानांत जाताच आले नाही, आणि चाकांच्या खुर्चीतल्या माणसाचा तर इथे कोणी विचारच केलेला दिसत नाही. दारावर अकराची वेळ लिहिलेली असते आणि शटर पावणेबाराला उघडते.

आठ महिन्यांत तीन दुकाने बंद झाली. वह्या बांधून देणाऱ्याच्या दारावर आधी आतून कागद चिकटवलेले दिसले, मग पाटी उतरली आणि भिंतीवर तिच्या आकाराचा फिका चौकोन उरला. आता तिथे एका मोठ्या साखळीची शाखा आहे. नव्या, बेभरवशाच्या उद्योगांना जुन्या इमारतींतले कमी भाडेच परवडते, हे शहरांवर लिहिणाऱ्या अमेरिकी लेखिका जेन जेकब्ज यांनी 1961 मध्येच लिहून ठेवले होते. समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी 1964 मध्ये लंडनच्या कामगार वस्त्यांत होणाऱ्या बदलाला ‘जेंट्रिफिकेशन’ हे नाव दिले. तिथे सधन लोक राहायला आले आणि जुन्या रहिवाशांना घरे सोडावी लागली. दुकानांच्या बाबतीतही क्रम फारसा वेगळा नसतो : रस्ता गाजतो, घरमालक भाडे वाढवतात आणि ज्यांच्यामुळे तो गाजला त्यांनाच आधी बाहेर पडावे लागते. या वर्दळीत माझ्या तीस फेऱ्याही धरल्या पाहिजेत. वह्यांच्या दुकानात मी पाच वेळा डोकावले आणि वही एकच घेतली, हे मला पाटी उतरल्यावर आठवले.

पिशवी अजून वापरात आहे. मागच्या गल्लीत चामड्याची दुरुस्ती करणारे एक वयस्कर गृहस्थ बसतात. त्यांनी जुनी चेन काढून जाड दातांची नवी बसवली आणि अस्तराची शिवणही पक्की करून दिली. कुंभारणीकडे तिसरा कप सांगून ठेवला आहे. भट्टी गुरुवारी उघडणार आहे, म्हणून पुढची फेरी शुक्रवारी सकाळची, गर्दी व्हायच्या आत.