व्हिसा कन्सल्टन्सीचा अनुभव, दोन स्टार, तेही फाइल बघणाऱ्या मुलीचे

नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. पण बाहेर नोकरीला जायचं म्हणून एका व्हिसा कन्सल्टन्सीत पैसे भरले, चार महिने हेलपाटे घातले, तर आता बोलतोच.

पहिल्याच मीटिंगला साहेब म्हणाले, "सर, तुमची एच-वन-बीची फाइल लावून टाकू." एच-वन-बी म्हणजे अमेरिकेतला नोकरीचा व्हिसा. मी आपली मान डोलावली. नंतर कळलं की ती फाइल आपण लावतच नाही, तिकडची कंपनी लावते, आधी रजिस्ट्रेशन मग ड्रॉ, वर्षाचा कोटा 85,000 आणि त्यातले 20,000 अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांचे. मग हातात कंपनीच नसताना हे नक्की काय लावणार होते?

विचारलं तर गाडी लगेच इन्व्हेस्टमेंटवर. ई-टू घ्या, बिझनेस टाका, स्वतःच मालक व्हा. ऐकायला भारीये, पण तो व्हिसा अमेरिकेशी करार असलेल्या देशांच्याच लोकांना मिळतो, माझा देश त्या यादीत नाही आणि माझा पासपोर्ट तेव्हा ह्यांच्याच टेबलावर उघडा पडला होता! मग म्हणे ईबी-फाइव्ह, म्हणजे पैसे गुंतवून अमेरिकेचं ग्रीन कार्ड. कमीत कमी 8 लाख डॉलर, तेही ठरावीक भागातच, शिवाय 10 जणांना रोजगार. अहो मी नोकरी मागायला आलोय, वाटायला नाही. ब्रोशरमध्ये स्पेनचा गोल्डन व्हिसा, म्हणजे पैसे गुंतवून तिथं राहायचा परवाना, अजून छापलेला, तो एप्रिल 2025 मध्येच बंद झालाय. पोर्तुगालच्या पानावर समुद्राकाठचा फ्लॅट, घर घेऊन व्हिसा हा रस्ता तिकडे 2023 लाच गेला.

माझ्या कामाचं निघालं ते जर्मनीचं चान्सनकार्ड, आणि ते मीच शोधलं. जून 2024 पासून सुरू आहे, हातात ऑफर नसली तरी चालतं, एक वर्ष तिथं राहून नोकरी शोधायची, आठवड्याला 20 तास पार्टटाइम करता येतं, फक्त राहण्याखाण्याच्या खर्चाची सोय दाखवावी लागते. ह्यांनी मला त्या कार्डाला लागणारे शिक्षण, अनुभव, भाषा वगैरेंचे 6 पॉइंट कसे बसतात ते मोजून द्यायची वेगळी फी लावली होती. घरी येऊन अनाबिनच्या साइटवर, म्हणजे बाहेरच्या डिग्र्या जर्मनीत चालतात का ते दाखवणाऱ्या तिकडच्या यादीत, बघितलं तर माझी युनिव्हर्सिटी एच प्लस, म्हणजे मान्य, डिग्रीसुद्धा तिकडच्या बरोबरीची. डिग्री अशी पूर्ण मान्य असली की पॉइंट मोजायची भानगडच नसते. पंधरा मिनिटं लागली, फुकट.

आता दोन स्टार कशाचे, तर आत बसणाऱ्या मुलीचे. माझ्या अनुभवाच्या पत्रात नुसतं "आमच्याकडे काम केले" एवढंच होतं, तिने ते परत पाठवायला लावलं, तारखा, पद, काय काम, सगळं लिहून आणायला सांगितलं. डिग्रीवर नावात एक ए जास्त आहे हे पण तिनेच पकडलं, मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं.

रिफंड मागितला तर ॲग्रीमेंटच्या तिसऱ्या पानावरची बारीक अक्षरं दाखवली. कागद घेऊन निघालो तर तीच मुलगी हळूच म्हणाली, "सर, फाइल तयार आहे तुमची, ऑनलाइन तुम्हीच भरा ना."